ऑनर सोसायटीचं पत्र आलंय? पैसे भरायच्या आधी हे वाचा

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या चुलतभावाचा रात्री साडेअकराला फोन आला. तिकडे दुपारचा एक वाजला होता. एमएससाठी अमेरिकेत जाऊन त्याला जेमतेम दोन महिने झालेत. "ताई, मला ऑनर सोसायटीत घेतायत. पण शुक्रवारच्या आत पैसे भरायचेत." ऑनर सोसायटी म्हणजे अभ्यासात वरच्या विद्यार्थ्यांना निवडून घेणारी तिकडची संघटना, सविस्तर पुढे सांगते. वाडीत बातमी त्याआधीच पोचली होती. काकीने तर देवळात गाऱ्हाणं घालायला सांगून ठेवलेलं. म्हणजे येत्या सोमवारी "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक परदेशात मान मिळालो हा" आणि मागून सगळ्यांचं "व्हय म्हाराजा".

मी त्याला एवढंच विचारलं, "तुझा एक तरी निकाल लागलाय का?"

"नाही. डिसेंबरात लागेल."

"मग तू हुशार आहेस हे त्यांना कुणी सांगितलं?"

फोनवर बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.

हा प्रश्न 2016 च्या ऑक्टोबरात मला कुणीतरी विचारायला हवा होता. कुणी विचारला नाही, म्हणून मी 95 डॉलर भरले. तेव्हाच्या भावाने सहा हजार तीनशे रुपयांच्या आसपास, म्हणजे बाबांच्या हिशेबात मे महिन्यातल्या आंब्याच्या तीन-चार पेट्या. बदल्यात आलं काय? सोनेरी किनारीचं एक प्रमाणपत्र, तेही पीडीएफ. मग दर आठवड्याला एक मेल: प्रमाणपत्राची फ्रेम घ्या, पिन घ्या, टी-शर्ट घ्या. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिच्यासारख्या बऱ्याच आहेत, एकीचं नाव कळून तुमचा उपयोग नाही.

मी फोनवर सांगितलं तेव्हा बाबा देवगडच्या बागेत कलमांना आळी करत होते. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "सोसायटीचो मेंबर झालस म्हणजे कर्ज मिळतला काय?" आमच्याकडे सोसायटी म्हणजे गावची विकास सोसायटी, पीककर्जवाली. दुसरा प्रश्न मात्र नेमका होता. "पैशे भरून मान मिळता, तर तो मान कसलो गो?"

ह्याचं पूर्ण उत्तर मला वर्षभराने मिळालं, जेव्हा खऱ्या सोसायटीत निवड झाली. तिथेही पैसे भरावे लागले. म्हणजे पैसे घेतात की नाही ह्यावरून खरं-खोटं ठरत नाही, ते दुसऱ्या गोष्टींवरून ठरतं. कोणत्या, ते पुढे लिहिते.

मुळात हे आहे काय

आपल्याकडे ही प्रथाच नाही. आपल्याकडे गुणवत्ता यादी असते, सुवर्णपदक असतं, कॉलेजच्या फलकावर नाव लागतं आणि पुढच्या वर्षी पुसलं जातं. अमेरिकेत अभ्यासात वरच्या असलेल्या विद्यार्थ्यांना निवडून घेणाऱ्या संघटना असतात. प्रत्येक विद्यापीठातल्या तिच्या शाखेला चॅप्टर म्हणतात. एकदा घेतलं की बहुतेक ठिकाणी तुम्ही जन्मभर सदस्य.

सगळ्यात जुनी फाय बीटा कॅपा. 5 डिसेंबर 1776 रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात पाच विद्यार्थ्यांनी ती काढली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून तेव्हा पाच महिने झाले होते, आणि इकडे आमच्या विजयदुर्गाला पेशव्यांचं आरमार नांगरून होतं. नावातली ग्रीक अक्षरं म्हणजे तिच्या ब्रीदवाक्याच्या तीन शब्दांची आद्याक्षरं. तिसरा शब्द 'किबरनेटीस', म्हणजे सुकाणू धरणारा, आपला तांडेल. ज्ञानाची ओढ हीच आयुष्याची तांडेल, असा काहीसा अर्थ. हे मला कळलं तेव्हा पहिल्यांदा त्या ग्रीक अक्षरांची भीती गेली.

पण ग्रीक अक्षरं दिसली की ती ऑनर सोसायटीच, असं समजू नका. एकत्र घर करून राहणाऱ्या, पार्ट्या करणाऱ्या मुलामुलींच्या फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी असतात, त्यांचीही नावं अशीच असतात. पुण्यातल्या एका मुलाखतीत मला एचआरच्या बाईंनी हसत विचारलं होतं, "पार्टीवाल्या ग्रुपमध्ये होतात का?" आणि 'ऑनर्स प्रोग्रॅम' ही तिसरीच गोष्ट. तो पदवीचा जास्तीच्या अवघड विषयांचा अभ्यासक्रम असतो, त्याचा सोसायटीशी संबंध नाही. 'डीन्स लिस्ट' म्हणजे त्या सेमिस्टरच्या चांगल्या गुणांची यादी. तिच्यात नाव यायला एक पैसा लागत नाही.

तुमच्यासाठी कोणती

इथे आपली मुलं गोंधळतात, कारण मेलमध्ये सगळ्याच स्वतःला 'सर्वात प्रतिष्ठित' म्हणवतात. तुम्ही काय शिकताय त्यावर हे ठरतं.

फाय बीटा कॅपा कला आणि विज्ञान शाखांतून पदवी करणाऱ्यांसाठी. तिच्यात अर्ज करता येत नाही. कॉलेजमधले सदस्य प्राध्यापक निवडतात आणि तुम्हाला कळवतात. अमेरिकेतल्या दहातल्या जेमतेम एका कॉलेजात तिचा चॅप्टर आहे. कोकणातून जाणारी बहुतेक मुलं इंजिनिअरिंगच्या एमएसला जातात, त्यांचा हिच्याशी संबंध येत नाही. कुणी तुम्हाला हिचं सदस्यत्व 'मिळवून देतो' म्हणाला तर फोन ठेवा.

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी टाऊ बीटा पाय, 1885 साली लीहाय विद्यापीठात सुरू झालेली. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला वर्गातले वरचे एक अष्टमांश, चौथ्या वर्षाला वरचे एक पंचमांश पात्र ठरतात. एमएस-पीएचडीवाल्यांनाही घेतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं. मी हिच्यातच गेले. इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठी आणखी एक, ईटा कॅपा न्यू. ती 1904 साली इलिनॉय विद्यापीठात निघाली आणि 2010 मध्ये आयईईई ह्या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांच्या जागतिक संघटनेत विलीन झाली. आपल्याकडे रत्नागिरी-मुंबईच्या कॉलेजांत आयईईईच्या विद्यार्थी शाखा असतात, त्यामुळे हे नाव ओळखीचं वाटेल.

एमबीएवाल्यांसाठी बीटा गॅमा सिग्मा, 1913 ची. एएसीएसबी ही मान्यता असलेल्या बिझनेस स्कूलमध्येच ती असते. तुमच्या कॉलेजला ही मान्यता नसेल तर तिचं पत्र येणारच नाही. संशोधन करणाऱ्यांसाठी सिग्मा झाय. नर्सिंगसाठी सिग्मा थीटा टाऊ. हिची चौकशी माझ्याकडे आमच्या भागातल्या दोन मुलींनी केली, कारण परदेशी जाणाऱ्या नर्सेस कोकणातून आता वाढल्यात.

कोणत्याही शाखेची चालेल अशी फाय कॅपा फाय, 1897 साली मेन विद्यापीठात सुरू झालेली. पदवीच्या तिसऱ्या वर्षातले वरचे साडेसात टक्के, शेवटच्या वर्षातले आणि एमएसवाले वरचे दहा टक्के. ही चाळणी बारीक आहे.

पैसे वाचवायला पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढणारे असतील त्यांनी फाय थीटा कॅपा लक्षात ठेवावी. 1918 पासून ती दोन वर्षांच्या कॉलेजांसाठी आहे. साधारण बारा क्रेडिट (विषयाचं वजन मोजायचं एकक, बऱ्याच विषयांना तीन असतात) पूर्ण आणि जीपीए, म्हणजे ग्रेडची चारपैकी सरासरी, 3.5 लागतो. हिचा एक फायदा रोख आहे: पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात बदली घेताना बरीच विद्यापीठं हिच्या सदस्यांना वेगळी शिष्यवृत्ती देतात. बाकी सगळ्यांत मला पैशाच्या दृष्टीने हीच उजवी वाटते.

पत्र आल्यावर काय करायचं

पहिले तीन दिवस काहीही करू नका. 'शुक्रवारपर्यंत' ही तारीख खोटी असते, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. मी पैसे भरल्यानंतरही त्याच संस्थेचं तेच 'शेवटची संधी'वालं पत्र मला आणखी दोनदा आलं.

मग ते कुठून आलंय ते बघा. विद्यापीठाच्या पत्त्यावरून, म्हणजे शेवटी डॉट ईडीयू असलेल्या, आलंय का? खाली एखाद्या प्राध्यापकाचं नाव, विभाग, खोली क्रमांक आहे का? माझ्या पहिल्या पत्रावर सही होती 'सदस्यता संचालक' अशी आणि पत्ता दुसऱ्याच राज्यातल्या एका टपालपेटीचा.

आता तुम्ही म्हणाल, माझं नाव आणि ईमेल त्यांच्याकडे गेलं कसं? अमेरिकेत 1974 सालचा विद्यार्थ्यांच्या नोंदींचा कायदा आहे, त्याला फर्पा म्हणतात. गुण गुप्त ठेवायचे, पण नाव, ईमेल, शाखा, कोणत्या वर्षाला आहे अशी 'डिरेक्टरी' माहिती विद्यापीठ बाहेर देऊ शकतं, तुम्ही हरकत घेतली नसेल तर. ती यादी मिळाली की झालं. तुमचा जीपीए त्या यादीत नसतो. म्हणून निकाल लागायच्या आत 'आपल्या उत्कृष्ट शैक्षणिक कामगिरीबद्दल' असं लिहिणाऱ्याने तुमची कामगिरी बघितलेलीच नाही.

यावर उपाय म्हणून लगेच रजिस्ट्रारकडे जाऊन 'माझी माहिती कुणालाच देऊ नका' असा अर्ज करू नका. माझ्या एका मैत्रिणीने रागाच्या भरात केला. पुढे नोकरी लागली तेव्हा कंपनीला तिची पदवी तपासता येईना, कारण विद्यापीठ म्हणे, अशी विद्यार्थिनी आमच्याकडे आहे की नाही तेही आम्ही सांगू शकत नाही. जाहिरातीचे मेल परवडले.

त्यानंतर आपल्या विभागात विचारा. हे सगळ्यात सोपं आणि आपल्या मुलांना सगळ्यात जड जाणारं काम. सरांना मेल कसा करायचा, त्यांना त्रास कशाला, ह्यात दिवस जातात. तिकडे प्राध्यापकाला असं विचारणं हा त्रास समजत नाहीत. तीनच प्रश्न: ह्या सोसायटीचा चॅप्टर आपल्या कॅम्पसवर चालू आहे का, त्याचे प्राध्यापक सल्लागार कोण, आणि शेवटचा सदस्य-समारंभ कधी झाला. मी असा मेल रात्री नऊला केला आणि सकाळी साडेसातला उत्तर आलं. इकडे इंजिनिअरिंगला असताना एका सहीसाठी चार दिवस केबिनबाहेर उभी राहिले होते, त्यामुळे मला ते उत्तर आधी खोटंच वाटलं.

आणखी एक तपासणी घरबसल्या होते. 1925 साली ऑनर सोसायट्यांनी मिळून एक शिखर संघटना काढली, असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज. तिच्या संकेतस्थळावर सदस्य सोसायट्यांची यादी आहे. त्यात नाव असलं तर किमान नियमांवर चालणारी संस्था समजा. पण यादीत नाही म्हणजे खोटीच, असंही नाही. खुद्द फाय बीटा कॅपा त्या यादीत नाही. आंब्याचंच बघा ना. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते पेटीवर लावायचं तर बागायतदाराला आपली नोंदणी करावी लागते. न नोंदलेल्या म्हाताऱ्या बागायतदाराचा आंबा काही कर्नाटकी होत नाही. आणि नुसतं 'देवगड हापूस' छापलेल्या खोक्यात काय काय निघतं ते वाशीच्या बाजारात जाऊन आलेल्याला विचारा. बाबा खोका वाचत नाहीत, देठाचा वास घेतात.

इथे देठाचा वास घ्यायचा तो हिशेबाचा. अमेरिकेत ना-नफा संस्थेला दरवर्षी 'फॉर्म 990' भरावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो. आयआरएस, म्हणजे तिथलं आयकर खातं, त्याच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव टाका. सापडली तर उत्पन्न किती, शिष्यवृत्त्यांवर खर्च किती, पदाधिकाऱ्यांना पगार किती, हे तीन आकडे बघा. सापडलीच नाही तर ती बहुधा सरळ धंदेवाईक कंपनी आहे. मी ज्यांना 95 डॉलर दिले त्यांचं नाव मी दोन वर्षांनी टाकून बघितलं. नव्हतं.

आपल्याला हे सगळं नवीन वाटायचं कारण नाही. माझ्या नात्यातल्या एका निवृत्त गुरुजींना 'राज्यस्तरीय' पुरस्काराचं पत्र आलं होतं. नोंदणीशुल्क, फेटा, शाल-श्रीफळ, ट्रॉफी, फोटो, प्रत्येकाचे वेगळे पैसे. सभागृहात चाळीस पुरस्कारमूर्ती आणि समोर फक्त त्यांचेच नातेवाईक. ट्रॉफी अजून कपाटावर आहे. गुरुजी खरंच चांगले शिक्षक होते, हा त्यातला वाईट भाग.

जीपीए: इकडचं तिकडे चालत नाही

मुंबई विद्यापीठाचा तुमचा सीजीपीए दहापैकी नऊ असो, त्याने तिकडे प्रवेश मिळतो. सोसायटीच्या निवडीत तो मोजत नाहीत. मोजतात ते फक्त त्या विद्यापीठात मिळवलेले ग्रेड. म्हणजे पहिल्या दिवशी तुम्ही शून्यावर असता, आणि इकडे काठावर पास झालेलाही.

हिशेब चारपैकी असतो. सहसा ए म्हणजे 4, ए मायनस 3.7, बी प्लस 3.3, बी म्हणजे 3. समजा तीन विषय, प्रत्येकी तीन क्रेडिट, आणि तुम्हाला ए, ए मायनस, बी प्लस मिळाले. बेरीज 11, भागिले तीन, 3.67. विषयांची क्रेडिट वेगवेगळी असतील तर ग्रेडला क्रेडिटने गुणून मग भागायचं. तीन क्रेडिटच्या विषयात बी प्लस आणि सहा क्रेडिटच्या प्रोजेक्टमध्ये ए असेल तर 9.9 अधिक 24, भागिले नऊ, 3.77. म्हणून जास्त क्रेडिटच्या कामाला आधी धरा.

एमएस बहुतेक ठिकाणी तीसेक क्रेडिटचं असतं, म्हणजे एकूण दहाच विषय. पहिल्या सेमिस्टरला एक 'सी' पडला की तो शेवटपर्यंत ओढत नेतो. आपली मुलं पहिल्याच सेमिस्टरला चार अवघड विषय घेतात, कारण सिनियर म्हणाला, लवकर संपव. माझा सल्ला उलटा आहे. पहिल्यांदा तीनच घ्या, त्यातला एक तुमच्या हातचा. एफ-1 ह्या विद्यार्थी व्हिसासाठी पूर्णवेळ म्हणून किती क्रेडिट लागतात ते आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारा. त्याच्या खाली जाऊ नका आणि फार वरही नको.

आणि नक्कल. तिकडे गृहपाठाची सुद्धा नक्कल चालत नाही. आपल्याकडे असाइनमेंट एकाने लिहायची आणि बाकी वर्गाने उतरवायची, हा शिरस्ता. तिकडे हे प्रकरण समितीपुढे जातं, नोंद होते, आणि ऑनर सोसायटी जीपीएबरोबर चारित्र्यही बघते. टाऊ बीटा पायमध्ये तर ही अट लिहिलेलीच आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा जीपीएने माझ्याही वर होता. त्याचं नाव यादीतून गळलं ते ह्याच कारणाने, असं सगळे म्हणत. खरंखोटं मला माहीत नाही, पण त्याने नंतर विषय काढला नाही.

निवड झाल्यावर

खरं पत्र मला 2017 च्या सप्टेंबरात आलं, आणि ते इतकं साधं होतं की मी ते जवळजवळ पुसलंच होतं. अभिनंदनाची आतषबाजी नाही, सोनेरी मोहोर नाही. 'तुम्ही पात्र आहात, मंगळवारी सहा वाजता अमुक खोलीत माहितीसभा आहे, पिझ्झा असेल.' पैशांचा उल्लेख सभेत झाला, शेवटी. एकदाच भरायची फी, वार्षिक वर्गणी नाही. फी चॅप्टरगणिक बदलते. ज्यांना जमत नसेल त्यांनी सल्लागारांना भेटावं असं तिथे उघड सांगितलं. तेव्हा लाजू नका. मी लाजले आणि त्या महिन्यात फक्त भात-आमटीवर राहिले.

पैसे भरले की संपलं, असं तिथे नसतं. आम्हाला ठरावीक तास पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित शिकवायला बसवलं. माझं इंग्रजी तेव्हा अडखळायचं. पण समोरच्या मुलाला इंटिग्रेशन अडलेलं असलं की त्याला तुमच्या उच्चारांचं काही पडलेलं नसतं. ह्या तासांचा मला प्रमाणपत्राहून जास्त उपयोग झाला. तिथे येणाऱ्या एका सिनियरने माझा रेझ्युमे दुरुस्त केला आणि त्यानेच एका कंपनीत माझं नाव पुढे केलं. हे विनामोबदला काम असतं, त्यामुळे व्हिसाच्या आठवड्याला वीस तासांच्या मर्यादेत ते धरत नाहीत. तरीही शंका असली तर आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारून घ्या. व्हिसाच्या बाबतीत मैत्रिणीचा सल्ला पुरत नाही, माझाही नाही.

आणि ते पितळ! टाऊ बीटा पायची खूण म्हणजे पितळेचा 'बेंट', रेल्वेच्या जुन्या पुलाखाली भार पेलणारी जी सांगड असते तिचा आकार. कोकण रेल्वेने रत्नागिरीच्या पुढे पानवल नदीवरून जाताना खाली चौसष्ट मीटरवर दरी दिसते ना, तिथे आपल्याला उचलून धरणाऱ्या खांबांच्या घराण्यातली वस्तू. आमच्या चॅप्टरची रीत अशी की नव्या सदस्याला ओतीव, खडबडीत बेंट हातात देतात आणि समारंभाच्या आत तो आरशासारखा घासून आणायचा. मुलं कानस, पॉलिश पेपर, कसल्या कसल्या पेस्टी घेऊन बसली होती. पॉलिश पेपर मीही मारला, पण शेवटची चकाकी येईना. मग आठवलं, आईने सोलकढीसाठी आमसुलं बांधून दिली होती. भिजवली, मिठाबरोबर चोळली. आमच्याकडे समई अशीच घासतात. माझा बेंट सगळ्यांत उजळ निघाला आणि चॅप्टरचा अध्यक्ष, सहा फुटी मुलगा, आमसूल हुंगत विचारत होता की हे रसायन कुठे मिळतं. सोलकढीला मात्र आमसुलं उरली नाहीत.

समारंभातलं मी लिहीत नाही, ते बाहेर सांगायचं नसतं. फार काही गूढ नसतं, एवढं सांगते.

पदवीदानाला गाऊनवर त्या त्या सोसायटीची रंगीत दोरी घालता येते. ती वेगळी विकत घ्यावी लागते, किंवा चॅप्टरकडून उसनी मिळते. आधी विचारा. माझं पदवीदान 2018 च्या मे महिन्यात, तिथे सकाळी दहाला, म्हणजे देवगडात रात्री साडेआठला. ऐन हंगाम. मांगरात पेट्या भरणं चाललेलं आणि घरात रेंज नाही. बाबा मोबाईल घेऊन सड्यावर गेले, आई बॅटरी घेऊन मागून. मी स्टेजवर आठ सेकंद दिसले असेन. दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, "गळ्यात ती दोरी कसली गो? गुरांका बांधतत तशी."

ह्याचा उपयोग किती

रेझ्युमेवर शिक्षणाच्या खाली एक ओळ. त्याहून जास्त जागा देऊ नका. अमेरिकेत इंजिनिअरिंगचा मुलाखत घेणारा स्वतः टाऊ बीटा पायचा निघाला तर पाच मिनिटं छान जातात. भारतात परत आल्यावर ही ओळ कुणाला कळत नाही. तिथे 'वर्गातल्या वरच्या एक पंचमांशातून निवड' असं मराठी-इंग्रजी जे काय असेल त्यात स्पष्ट लिहा.

शिष्यवृत्तीच्या जाहिराती वाचताना शेवटची ओळ आधी वाचा. पुष्कळ ठिकाणी 'अमेरिकी नागरिक किंवा कायम रहिवासी' अशी अट असते. तिथल्या सरकारी नोकरीत ऑनर सोसायटीच्या सदस्याला सुरुवातीची वरची श्रेणी मिळू शकते, असंही वाचायला मिळेल. ते खरं आहे, पण त्या नोकऱ्या बहुतेक नागरिकांसाठीच असतात, तेव्हा आपण त्यात भावनिक गुंतवणूक करू नये.

एक सावधगिरी मुद्दाम. काही एजंट सांगतात की ऑनर सोसायटीच्या सदस्यत्वाने ग्रीन कार्ड लवकर होतं. 'असामान्य क्षमते'च्या वर्गात एक निकष सदस्यत्वाचा आहे, हे खरं. पण तिथे अभिप्रेत असतात अशा संस्था, ज्यांत त्या क्षेत्रातले तज्ज्ञ असामान्य कर्तृत्व पारखून सदस्य घेतात. विद्यार्थीदशेतल्या जीपीएवर मिळालेलं सदस्यत्व त्यात बसत नाही. त्यासाठी कुणाला एक डॉलरही देऊ नका.

आधीच भरून बसला असाल तर आपोआप नूतनीकरण चालू आहे का बघा आणि ते आधी बंद करा. परताव्यासाठी लेखी मेल करा. मग बँकेकडे तक्रार नोंदवा, ती करायला मुदत असते. मी चार मेल केले, बँकेकडे गेलेच नाही, कारण लाज वाटली. पैसे गेले. रेझ्युमेवरून ते नाव मात्र काढून टाका, जाणकाराच्या डोळ्यात ते खुपतं.

चुलतभावाने शेवटी विभागात मेल केला. काल उत्तर आलं: पत्र पाठवणाऱ्या संस्थेचा चॅप्टर कॅम्पसवर नाही. ईटा कॅपा न्यूचा आहे, आणि ग्रेड आल्यावर पुढच्या वर्षी पात्र विद्यार्थ्यांची यादी निघेल. काकीला सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी फोन केला तर तिकडून पहिलं वाक्य, "गाऱ्हाणा तर घालून झाला, आता देवाक काय सांगू?"

म्हटलं, तारीख फुडे गेली म्हणान सांग.